पुरणपोळीतले प्लुटोनियम : प्रस्तावना

‘94, 88, 7, 84, 3 : होळीला पाचही एका ताटात.’ या संग्रहातले हे एक कोडे. शेजारी आवर्तसारणी उघडी असेल तर ते सुटायला फारसा वेळ लागत नाही. 94 अणुअंकाचे प्लुटोनियम, त्याची संज्ञा पीयू. 88 चे रेडियम, आरए. 7 चा नायट्रोजन, एन. 84 चे पोलोनियम, पीओ. आणि 3 चे लिथियम, एलआय. या पाच संज्ञा रोमन लिपीत एकापुढे एक मांडा आणि मोठ्याने वाचा. ‘ण’ आणि ‘ळ’ यांचा हिशेब रोमन लिपी नेहमीच बुडवते. तेवढे सोडून दिले की पुरणपोळी तयार. ती खाण्याजोगी मात्र नाही. पाचांतली तीन मूलद्रव्ये किरणोत्सारी आहेत, चौथे पाण्यात पडताच हायड्रोजनचे बुडबुडे सोडते. निरुपद्रवी म्हणावा असा एकटा नायट्रोजन.

रसायनशास्त्राच्या संज्ञा, सूत्रे, अणुअंक आणि रेणूंच्या आकृत्या यांना अक्षरांसारखे वापरून रचलेली शब्दकोडी हा या पुस्तकाचा विषय आहे. इंग्रजीत हा खेळ बराच जुना आहे. मराठीत तो वर्गाच्या मागच्या बाकावर आणि क्लासच्या वहीच्या समासात चालत आला. पुस्तकाच्या मुख्य पानावर त्याला क्वचितच जागा मिळाली. म्हणून कोड्यांकडे वळण्याआधी या खेळाची घडण, त्याच्या वाटा आणि त्याची कसोटी यांविषयी थोडे सांगायला हवे. एक सूचना : या प्रस्तावनेत संज्ञा उच्चारल्याप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संग्रहात त्या पाठ्यपुस्तकातल्यासारख्या रोमन लिपीतच आहेत.

पदार्थांची खरी नावे लपवण्याची खोड किमयागारांना पूर्वीपासून होती. युरोपातल्या किमयागारांनी सोन्याला सूर्य, चांदीला चंद्र, तांब्याला शुक्र आणि लोखंडाला मंगळ म्हटले, आणि त्याच चिन्हांनी आपले पाठ लिहिले. ‘व्हिट्रिऑल’ या शब्दातले प्रत्येक अक्षर एका लॅटिन शब्दाचे आद्याक्षर मानून त्यांनी पृथ्वीच्या पोटातला गुप्त दगड शोधण्याचा आदेश त्यात दडवला. आयझॅक न्यूटननेही किमयेच्या कागदांसाठी आपल्या लॅटिन नावाची अक्षरे फिरवून ‘एकच पवित्र देव’ अशा अर्थाचे टोपणनाव बनवले होते. या साऱ्या कुटांचा हेतू एकच होता, अनधिकाऱ्याला आत येऊ न देणे.

आधुनिक संज्ञा आल्या त्या नेमक्या उलट हेतूने. जॉन डाल्टनने 1808 च्या आपल्या ग्रंथात अणूंसाठी वर्तुळे वापरली : कुठे रिकामे वर्तुळ, कुठे मध्ये ठिपका, कुठे आत अक्षर. चित्र म्हणून ती सुबक होती, पण छापखान्याच्या दृष्टीने डोकेदुखी. स्वीडनच्या याकोब बर्झेलियसने 1813-14 मध्ये सुचवले की वर्तुळे राहू द्या, लॅटिन नावाचे पहिले अक्षर घ्या. दोन मूलद्रव्यांत गोंधळ होत असेल तर आणखी एक अक्षर जोडा. म्हणून कार्बन सी, कोबाल्ट सीओ आणि तांबे, म्हणजे लॅटिनमधले क्युप्रम, सीयू. अणूंची संख्या दाखवणारा अंक तो अक्षराच्या डोक्यावर लिहीत असे. पायाशी लिहिण्याची पद्धत पुढे रुळली. डाल्टनला हे मुळीच रुचले नाही. नवख्या विद्यार्थ्याने त्यापेक्षा हिब्रू शिकलेली बरी, अशा अर्थाची तक्रार त्याने केली आणि आपली वर्तुळे अखेरपर्यंत सोडली नाहीत. छापखान्याने मात्र बर्झेलियसच्या बाजूने कौल दिला.

या काटकसरीतून, कुणी न ठरवता, एक नवी वर्णमाला जन्माला आली. आज तिच्यात 118 संज्ञा आहेत. त्यांपैकी 14 एकाक्षरी आणि उरलेल्या 104 दोन अक्षरी. तिचा स्वभाव ओळखला की निम्मा खेळ हाती येतो. रोमन स्वरांपैकी आय, ओ आणि यू एकटे उभे राहू शकतात, कारण आयोडिन, ऑक्सिजन आणि युरेनियम यांनी ती अक्षरे घेतली आहेत. ए आणि ई यांना मात्र कायम जोडीदार लागतो. जे आणि क्यू ही अक्षरे तर आजच्या सारणीत कुठेच नाहीत. परिणामी इंग्रजीत ज्याच्यावाचून वाक्य हलत नाही ते ‘द’ हे उपपद या वर्णमालेत लिहिता येत नाही. टी-शर्टांवर आणि कपांवर मिरवणारा ‘कॉफी’ हा शब्दही शेवटच्या ई पाशी अडकतो. छापणारे तिथे डोळेझाक करतात. ‘चॉकलेट’ मात्र सी, एचओ, सीओ, एलए, टीई असे बिनचूक बसते.

मराठीकडे आल्यावर एक सुखद गोष्ट ध्यानात येते. दोन अक्षरी संज्ञांपैकी बऱ्याच संज्ञांत आधी व्यंजन आणि मग स्वर आहे, म्हणजे त्या जवळजवळ आपल्या बाराखडीतल्या अक्षरांसारख्या आहेत : ना, गा, ला, बा, ता, पा, रा; नि, लि, सि; पु, रु; हे, ने, बे; हो, पो, मो. इंग्रजी शब्दांत व्यंजनांचे घोस फार, तिथे या संज्ञा अडखळतात. मराठी शब्द अक्षरा-अक्षराने चालतो, तिथे त्या सहज बसतात. बेरियम आणि टँटॅलम यांतून ‘बटाटा’ होतो. प्रोटॅक्टिनियम आणि व्हॅनेडियम यांतून ‘पाव’. वडा मात्र काही केल्या होत नाही, कारण ‘वा’ आणि ‘डा’ यांना सारणीत थारा नाही. युरेनियम, गंधक आणि ॲल्युमिनियम यांची ‘उसळ’ होते. आंबा अमेरिसियम आणि बेरियमचा.

नात्यांचे पाहा. ‘आई’ आणि ‘मामा’ या वर्णमालेत येत नाहीत. ‘बाबा’ येतात, दोनदा बेरियम. ‘नवरा’ सोडियम, व्हॅनेडियम आणि रेडियम यांचा बनलेला. जात्यावरच्या ओव्यांनी सासूविषयी पुष्कळ सांगून ठेवले आहे, पण गंधक, आर्सेनिक आणि युरेनियम एवढी मजल ओवीचीही गेली नव्हती. ‘सासू’ची फोड याच तीन संज्ञांत होते आणि दुसरी कुठलीही होत नाही. त्याच ओव्यांतला लाडका ‘भाऊ’ मात्र बोरॉन, हायड्रोजन आणि शेवटी चक्क सोने. सारणीने हे मुद्दाम केलेले नाही, तरीही वाचणाऱ्याला हसू येतेच.

गावांची नावे हा संग्रहातला सर्वांत रंगणारा भाग ठरेल असे मला वाटते. नाशिक जमते : सोडियम, गंधक, हायड्रोजन, आयोडिन, पोटॅशियम. अलिबाग जमते, आणि त्याच्या अखेरीस चांदी येते. उरण म्हणजे युरेनियम, रेडियम, नायट्रोजन. मुंबई, नागपूर आणि कोल्हापूर जमत नाहीत. सातारा तर अगदी थोडक्यात हुकतो. कसेही तोडा, एक ए हातात उरतोच. पण इथेच खेळाला इतिहासाची जोड मिळते. अरगॉनची संज्ञा 1957 पर्यंत नुसती ए होती, एआर ती त्यानंतर झाली. आणि साताऱ्याच्या एका फोडीला लागणाऱ्या ॲस्टाटिनला त्याचे नाव 1947 मध्ये सुचवले गेले. म्हणजे ॲस्टाटिन घेऊन सातारा या लिपीत लिहिता आला असता तो मधल्या दहा वर्षांतच. पुरणपोळीचेही तसेच. रेडियम आणि पोलोनियम 1898 मध्ये क्युरी दांपत्याने शोधली, प्लुटोनियम सापडले 1941 मध्ये. त्याआधी तो शब्द आरंभीच्या कोड्यातल्या पाच संज्ञांत फोडायला सामग्रीच नव्हती. ही वर्णमाला स्थिर नाही. 2016 च्या नोव्हेंबरात तिच्यात निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगानेसॉन या चौघांची भर पडली आणि तेव्हा काही नवे शब्द शक्य झाले.

या खेळाच्या ढोबळमानाने पाच वाटा आहेत. पहिली अक्षरजुळणीची, जिचे नमुने वर आले. अमेरिकेत दिमित्री बोर्गमन यांनी 1965 मध्ये शब्दक्रीडेवर पुस्तक लिहिले आणि 1968 पासून ‘वर्ड वेज’ हे त्या विषयाला वाहिलेले त्रैमासिक निघू लागले. अशा छंदाला त्यातून शिस्त आणि व्यासपीठ मिळाले. सर्वसामान्य प्रेक्षकाच्या डोळ्यांत ही वाट भरली ती 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रेकिंग बॅड’ मालिकेमुळे. तिच्या नावातली ब्रोमीन आणि बेरियमची हिरवी चौकट जगभर ओळखीची झाली.

दुसरी वाट अंककुटाची : संज्ञेऐवजी अणुअंक द्यायचा आणि शब्द शोधायला लावायचे. ही रीत आपल्याला परकी वाटायला नको. संस्कृत ज्योतिषग्रंथांतल्या भूतसंख्येत चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार आणि बाण म्हणजे पाच. तिथे अंक शब्दांत दडवत, इथे शब्द अंकांत दडवतात.

तिसरी वाट गूढ शब्दकोड्याची. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे न्यूयॉर्कमध्ये 21 डिसेंबर 1913 रोजी छापले गेले. इंग्लंडमध्ये त्याला तिरकस वळण मिळाले. 1926 पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये टॉर्केमाडा या नावाने आणि पुढे झिमेनेस या नावाने लिहिणाऱ्या रचनाकारांनी सूचक वाक्यात एक अर्थ वर आणि दुसरा पोटात ठेवण्याचे नियम घडवले. तिथे ‘सोने’ दिसले की एयू, ‘लोखंड’ दिसले की एफई, ‘शिसे’ दिसले की पीबी, हे मुरलेल्या खेळाडूला सांगावे लागत नाही. याच घराण्यातले एक जुने कोडे एकही शब्द न वापरता विचारले जाते : एच पासून ओ पर्यंतची आठ अक्षरे ओळीने लिहायची आणि पेय ओळखायला सांगायचे. एच टू ओ, अर्थात पाणी.

चौथी वाट आकृत्यांची आणि नामकरणाची आहे, आणि ती खास रसायनज्ञांच्या घरची. बेंझीनच्या कड्यावर दोन गट शेजारी असले तर ऑर्थो, समोरासमोर असले तर पॅरा. कड्याच्या दोन विरुद्ध टोकांना ‘डॉक’ असे लिहून ‘पॅराडॉक्स’ वाचायला लावणे हा सेंद्रिय रसायनाच्या वर्गातला ठरलेला विनोद. ‘पेंग्विनोन’ या संयुगाची आकृती कागदावर काढली की पेंग्विन दिसतो. त्रिमितीत तो नाहीसा होतो. घनाकृती ‘क्युबेन’ फिलिप ईटन यांनी 1964 मध्ये प्रत्यक्ष बनवले. अशा नावांच्या जन्मकथा ॲलेक्स निकन आणि अर्नेस्ट सिल्व्हरस्मिथ यांनी 1987 मध्ये एका जाड पुस्तकात गोळा केल्या.

पाचवी वाट स्मरणसूत्रांची. ‘बेटा मांगे कार स्कूटर बाप राजी’ हे हिंदी वाक्य महाराष्ट्रातल्याही कित्येक विद्यार्थ्यांनी पाठ केले आहे. बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, रेडियम हा दुसरा गण त्यात ओळीने येतो. रचना बारकाईने पाहावी अशी आहे. ‘मांगे’मध्ये एम आणि जी दोन्ही ऐकू येतात, ‘स्कूटर’ एस ने सुरू होऊन आर ने संपते, आणि सहा संज्ञांतून हुंड्याच्या बाजारातले एक अख्खे घर उभे राहते. रचणाऱ्याचे नाव कुणाला माहीत नाही. लोकवाङ्मयाचे असेच असते.

हा विनोद बाहेरच्यांनी शास्त्राच्या गळ्यात बांधला, असे मात्र कुणी समजू नये. 1840 मध्ये जर्मनीतल्या रसायनशास्त्राच्या प्रतिष्ठित नियतकालिकात एस. सी. एच. विंडलर या सहीचे एक पत्र आले. एका मँगनीज संयुगातला एकेक अणू काढून त्याच्या जागी क्लोरीन बसवत गेलो, शेवटी निव्वळ क्लोरीन उरला तरी पदार्थाचे गुण तेच राहिले, असा त्यात दावा होता. लंडनच्या दुकानांत क्लोरीनचे कापड मिळू लागले आहे, अशी पुस्तीही जोडली होती. सहीची आद्याक्षरे आडनावाला जोडून वाचली की जर्मनमध्ये ‘श्विंडलर’ होते, म्हणजे भामटा. लिहिणारे होते फ्रीडरिश व्हॉलर, युरिया प्रयोगशाळेत बनवणारे तेच. फ्रेंच रसायनज्ञ द्युमा यांच्या प्रतिस्थापन सिद्धांताची ती टर होती. 1886 मध्ये जर्मन रसायनज्ञांनी आपल्याच संस्थेच्या अहवालाचे विडंबन छापले आणि बेंझीनच्या कड्यात सहा माकडांना एकमेकांचे हात आणि शेपट्या धरायला लावले.

अधिकृत सारणीतही थट्टा आहे. 1875 मध्ये गॅलियम शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव लकॉक द ब्वाबोद्रां. त्याने फ्रान्सच्या लॅटिन नावावरून मूलद्रव्याला नाव दिले. पण ‘लकॉक’ म्हणजे कोंबडा आणि कोंबड्याला लॅटिनमध्ये ‘गॅलस’ म्हणतात, हे लोकांनी हेरले; त्याने आरोप नाकारला, संशय कायम राहिला. प्लुटोनियमची संज्ञा रीतीप्रमाणे पीएल व्हायला हवी होती. ग्लेन सीबॉर्ग यांनी ती गमतीने पीयू ठेवली, कारण इंग्रजीत दुर्गंधी आली की मुले नाक धरून असेच काहीसे म्हणतात. समितीने आक्षेप घेतला नाही आणि थट्टा कायमची सारणीत बसली. पुढे 106 व्या मूलद्रव्याला सीबॉर्ग यांचेच नाव मिळाले, तेही त्यांच्या हयातीत.

मराठीत निर्बंध घालून घेऊन लिहिण्याची परंपरा भक्कम आहे. मोरोपंतांनी रामायण नाना तऱ्हांनी सांगितले. त्यांच्या निरोष्ठ रामायणात ओठांनी उच्चारायचे वर्ण वर्ज्य आहेत. त्याचा अर्थ रामकथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचे नाही, कारण ‘म’ ओष्ठ्य आहे. अडचण कवीने स्वतःहून ओढवून घेतली आणि वाट काढण्यात कौशल्य पणाला लावले. आपल्या उखाण्यांत आणि कुटांत वस्तूचे नाव न घेता तिचे गुण सांगायची रीत आहे. रसायनाच्या कोड्याला या दोन्ही गोष्टी लागतात : निर्बंध सारणीचा आणि वर्णन गुणधर्माचे.

नुसती अक्षरे जुळली की कोडे झाले असे मी मानत नाही. सारणी हाताशी असलेला संगणक एका छोट्या प्रोग्रॅमने अख्खा शब्दकोश क्षणार्धात संज्ञांत फोडून देतो. तिथे माणसाला करण्यासारखे काही उरलेले नाही. शिवाय जुळणी बहुधा एकमेव नसते. पुरणपोळीच घ्या : पीयू ऐवजी पी आणि यू वेगळे घेता येतात, पीओ ऐवजी पी आणि ओ, आणि एन व पी एकत्र घेतले तर मध्येच नेपच्युनियम अवतरते. अशा सहा रीती होतात. बासुंदीच्या दोन होतात, त्यांतल्या एकीत आर्सेनिक आहे. म्हणून अणुअंक किंवा गुणधर्म देऊन उत्तर एकाच फोडीवर आणणे ही रचनाकाराची पहिली जबाबदारी. दुसरी, आणि माझ्या मते मोठी : शब्दाने जे सांगितले त्याला रसायनाने दुजोरा द्यावा, किंवा त्याला तोंडघशी तरी पाडावे.

तीन नमुने पाहू. ‘सकाळची बशी : पहिले फुटते तेव्हा दुसऱ्याचे केंद्रक बाहेर पडते.’ उत्तर पोहे. पोलोनियम आणि हेलियम. पोलोनियम-210 चे केंद्रक अल्फा कण फेकते आणि मागे शिसे उरते. तो अल्फा कण म्हणजेच हेलियमचे केंद्रक. इथे न्याहारी आणि केंद्रकाचा क्षय एकाच शब्दात राहतात. दुसरा : ‘नाव कथलाचे, रंग सोन्याचा, बसते पोलादावर.’ इंग्रजीत कथिल म्हणजे टिन. ती अक्षरे टीआय आणि एन अशी फोडली की टायटॅनियम नायट्राइडचे सूत्र मिळते. ड्रिलच्या बिटवर सोनेरी थर दिसतो तो याच अतिकठीण संयुगाचा. कथिल मऊ आणि चंदेरी. त्याच्या नावात लपलेले संयुग नेमके उलट्या गुणांचे. तिसरा : ‘या शहरातला पहिला स्फोटक, दुसरा कुणाशी संबंध ठेवत नाही.’ प्लुटोनियम आणि निऑन, म्हणजे पुणे. निऑन निष्क्रिय वायू आहे, तो संयुगे करत नाही. पुणेकरांनी हे कोडे रागावून सोडवू नये.

हे तिन्ही नमुने केवळ अक्षरे ओळखून सुटत नाहीत, आणि संग्रहातल्या निवडीचा निकषही तोच आहे. रसायन काढून घेतले तरी जे कोडे उभे राहते, ते इथे घेतलेले नाही.

या पुस्तकाची आज गरज काय, असे कुणी विचारील. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण गळले, तेव्हा 2023 मध्ये त्यावर देशात आणि परदेशांतही बरीच चर्चा झाली. पण प्रकरण पुस्तकात असलेल्या मुलांचीही सारणीशी ओळख बहुधा पाठांतरापुरतीच असते. पहिली वीस मूलद्रव्ये घोकली की काम झाले. एकविसाव्यापासून पुढची चौकट परीक्षेत आली तर पाहू, हा भाव. साताऱ्यासाठी ॲस्टाटिन शोधणारा किंवा बासुंदीसाठी निओडिमियमपर्यंत पोचणारा मुलगा सारणीच्या अशा कोपऱ्यांत जातो जिथे प्रश्नपत्रिका त्याला कधी नेत नाही. तिथे गेल्यावर निओडिमियम कानातल्या इअरफोनच्या चुंबकात आहे हे त्याला कळले, तर ते त्याच्या लक्षात राहते. मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्था 1966 पासून मराठीतून विज्ञान पोचवत आल्या आहेत. त्या कामात निबंध, व्याख्यान आणि प्रयोग यांना मान मिळाला. खेळकर भाषेला तेवढा मिळाला नाही. ती उणीव थोडी भरून काढण्याचा हा प्रयत्न.

एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. रोमन लिपीत मराठी लिहून केलेला खेळ मराठी कसा, असे शुद्धलेखनाचे अभिमानी विचारतील. आक्षेप निराधार नाही. रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घ मिटतात, ‘त’ आणि ‘ट’ एक होतात, ‘ळ’चा ‘ल’ होतो. परंतु आपली मुले संज्ञा रोमनमध्येच शिकतात आणि मोबाइलवर मराठीही पुष्कळदा रोमनमध्येच लिहितात. खेळ तिथेच मांडावा लागतो जिथे खेळणारे आहेत. संपादकांनी त्यावर बंधन मात्र घातले आहे : शब्दाचे रोमन रूप सर्रास वापरले जाणारे हवे, सोयीसाठी वळवलेले नको. गावांच्या बाबतीत सरकारी रूप प्रमाण मानले आहे.

नियमही इथेच सांगून टाकतो. आजच्या 118 संज्ञा चालतील. जड हायड्रोजनसाठी वापरतात ती डी आणि टी ही अक्षरे चालणार नाहीत. कालबाह्य संज्ञा फक्त इतिहासाच्या विभागात, आणि तिथे वर्ष दिलेले असेल. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळायचा, कारण कोबाल्ट आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यात तेवढाच फरक आहे आणि त्यांतला दुसरा विषारी वायू आहे. पुस्तक सोप्याकडून कठीणाकडे जाते. आरंभीची कोडी आठवी-नववीच्या मुलांना झेपतील. शेवटच्या भागाला सेंद्रिय रसायनाची बऱ्यापैकी ओळख लागेल. प्रत्येक उत्तराबरोबर फोड दिली आहे आणि त्यामागचे रसायन चार ओळींत सांगितले आहे. विनोदासाठी तथ्य वाकवलेले नाही. जिथे दोन्ही साधले नाही, तिथे विनोद सोडला आहे.

शिक्षकांना एक विनंती. ही कोडी तोंडी परीक्षेसारखी विचारू नका आणि त्यांना गुण देऊ नका. सारणी भिंतीवर टांगा, मुलांना आपापल्या गावाचे, आडनावाचे आणि आवडत्या पदार्थाचे नाव फोडून पाहू द्या. जे जुळणार नाही ते का जुळत नाही, हे त्यांना सांगू द्या. आणि ज्यांचे जुळेल त्यांच्याकडून मूलद्रव्याच्या खऱ्या गुणधर्मावरून एक सूचक वाक्य लिहून घ्या. वाचकांनाही हेच सांगणे आहे : उत्तरांची पाने शेवटी आहेत, ती शेवटीच उघडावीत.